२१ सामने

बेसबॉल मी कधी खेळलेलो नाही. पण पस्तिशीत गुडघा गेला, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि पलटण सोडून टेबलामागे बसावं लागलं. काही वर्षांनी जिम मॉरिसची गोष्ट कळली, ती मनातून गेली नाही.

१९८३ मध्ये मिल्वॉकी ब्रूअर्सनी त्याला निवडलं. पण हाताच्या दुखापतींमुळे मेजर लीग दूरच राहिली. पुढे टेक्सासमधल्या बिग लेक गावी तो विज्ञान शिकवू लागला, शाळेच्या संघाचा कोचही झाला. १९९९ मध्ये पोरांनी पैज लावली: आम्ही जिल्ह्यात जिंकलो, तर सर, तुम्ही निवड चाचणीला जायचं. पोरं जिंकली. सर स्वतःच्या लहान मुलांना घेऊन गेले आणि ताशी ९८ मैलांनी, म्हणजे साधारण १५८ किलोमीटर वेगाने, चेंडू टाकला. १८ सप्टेंबरला, वयाच्या ३५ व्या वर्षी, टॅम्पा बे डेव्हिल रेजकडून पदार्पण. पहिलाच फलंदाज रॉयस क्लेटन चार चेंडूंत बाद.

'द रूकी' हा २००२ चा चित्रपट याच आनंदावर संपतो. मला पुढचं सांगायचंय.

पिचर म्हणजे गोलंदाज. रिलीफ पिचर त्याच्या बदली येतो. पहारा बदलायला येणाऱ्या जवानाला आम्हीही रिलीफच म्हणतो. फक्त आमचा ठरल्या वेळी येतो, हा बऱ्याचदा आग लागल्यावर. ९ मे २००० ला यांकी स्टेडियमवर मॉरिसला बोलावलं, तेव्हा बरोबरी होती आणि तिन्ही बेसवर यांकीज उभे. समोर पॉल ओ'नील. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले की फलंदाजाला बेस फुकट मिळतो. तसंच झालं. बेस भरलेले, त्यामुळे तिसऱ्यावरचा खेळाडू चालत घरी आला. सामना गेला.

गंमत पाहा, वहीत हा पराभव मॉरिसच्या नावावर नाही. ज्याने तो खेळाडू बेसवर जाऊ दिला, त्या आधीच्या पिचरच्या खात्यावर तो जातो. नव्या पोस्टिंगवर चार्ज घेताना अशी सोय मला कधी मिळाली नाही बुवा!

तो त्याचा मेजर लीगमधला शेवटचा सामना. एकूण २१ सामने, १५ इनिंग्ज, विजय शून्य, पराभव शून्य. तिकीट काढायचं झालं तर मी क्लेटनच्या नव्हे, ओ'नीलच्या रात्रीचं काढलं असतं.