दाखल्यावरची तारीख

(इनामगाव येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आता तुम्हाला आपले नाव लिहिता येते. गावाचे नाव लिहिता येते. आज आपण तारखेविषयी बोलू. तुमच्या मुलाच्या जन्मतारखेविषयी. "त्यात काय बोलायचं, गुरुजी?" असे कोणी म्हणेल. तर ऐका.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत नोकरी केली. जून लागला की आईबाप पोराला हाताला धरून आणायचे. आम्ही विचारायचो, "जन्म कधीचा?" कोणी म्हणे, "बाजरी खुडायच्या दिवसांत झाला बघा." कोणी म्हणे, "घोडनदीला मोठा पूर आला, त्या साली." कोणी म्हणे, "तुम्हीच टाका काहीतरी." मग पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवायचा. कान हाताला लागला की झाला सहा वर्षांचा! आणि आम्ही रजिस्टरात लिहायचो, १ जून. अशी १ जूनची माणसे आपल्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. या वर्गातही असतील. त्यात आमचाही हात आहे, हे आम्ही लपवीत नाही. तेव्हा वाटे, पोर शाळेत आले ना, मग झाले. एका तारखेने काय बिघडते?

काय बिघडते, ते पुण्याच्या एका खटल्याने दाखवले.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात पौड रस्त्यावरच्या एका घरात सात जणांचे खून झाले. पाच बायका आणि दोन लेकरे. सारे पुणे हादरले. त्या गुन्ह्यात राजस्थानातला एक मुलगा पकडला गेला. त्याचे नाव आम्ही घेत नाही. अल्पवयात गुन्हा केलेल्याचे नाव छापू नये, असा कायदा आहे. खटल्याच्या कागदांत त्याचे वय विसाच्या पुढचे लागले. १९९८ साली पुण्याच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

पुढे त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात एक तारीख मिळाली. १ फेब्रुवारी १९८२. बोटांवर हिशेब करा. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता! शाळेत त्याचे नाव जरा वेगळे लागले होते. मग हा तोच मुलगा का, याची चौकशी झाली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांवर सोपवली. २७ मार्च २०२३ रोजी निकाल लागला. गुन्ह्याच्या वेळी तो बाल होता, असे न्यायालयाने मानले आणि त्याला सोडण्याचा हुकूम दिला. तोवर त्याची २८ वर्षांहून अधिक काळ कैद झाली होती. पोर आत गेले, चाळिशी ओलांडलेला माणूस बाहेर आला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

मोठ्या माणसाला जन्मठेप झाली, तर ती आयुष्यभराची. चौदा वर्षे भरली की माणूस आपोआप सुटतो, असे आपण चावडीवर ऐकतो. ते खरे नाही. खुनासारख्या गुन्ह्यात १४ वर्षे भरल्यावर सरकार सुटकेचा विचार करू शकते. सोडलेच पाहिजे, असे नाही. मधे कैद्याला घरी जायला रजा मिळते. तिला पॅरोल म्हणतात. सरकारी मराठीत अभिवचन रजा. परत येईन असे वचन देऊन जायचे. पण रजा म्हणजे सुटका नव्हे.

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी वाट निराळी आहे. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात. त्या दोघांत निदान एक बाई असते. मुलाला सुधारण्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. २०१५ च्या कायद्याने एक फरक केला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने फार भयंकर गुन्हा केला, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालू शकतो. पण त्यालाही फाशी देता येत नाही. सुटकेची आशाच नाही, अशी जन्मठेपही देता येत नाही. अमेरिकेत अशी जन्मठेप मुलांना होत असे. काही राज्यांत तर खुनाला कायद्याने तीच शिक्षा ठरलेली. २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती रद्द केली. पोराचे वय आधी लक्षात घ्या, असे सांगितले.

म्हणजे पुण्याच्या खटल्यातल्या मुलाला फार तर तीन वर्षे. झाली अठ्ठावीस.

इथे कोणी उठून विचारेल, "गुरुजी, त्या घरातली सात माणसं गेली, त्यांचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्या घरचे दुःख कोणत्याही निकालाने भरून येणारे नाही. आम्ही त्या गुन्ह्यावर पांघरूण घालीत नाही. पण साडेबारा वर्षांचे पोर म्हणजे आपल्या शाळेतले सातवीचे पोर. त्याची समज ती किती? मोठ्यांच्या नादाने ते कुठेही जाते. त्याला आवरले पाहिजे, शिक्षा केली पाहिजे. पण ते बदलू शकते, हे विसरता कामा नये. हाच मुलगा तुरुंगात राहून पदवीपर्यंत शिकला.

मग वय ठरवायचे कसे? कायद्याने क्रम लावला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील, तरच डॉक्टरी तपासणी.

हाडांचे आपल्या गावाला नवल नाही. इथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली. घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेली लेकरे निघाली. जाणत्यांनी दात आणि हाडे पाहून त्यांची वये सांगितली. पण ती अंदाजाने. हाडे साल सांगत नाहीत, मग तारीख कुठली? पुण्याच्या त्या खटल्यात २००५ साली डॉक्टरी तपासणी झाली. वय निघाले २२ च्या वर आणि ४० च्या आत! यावरून काय ठरवणार? शेवटी उपयोगी पडली ती कुणा गुरुजीने लिहिलेली एक ओळ.

ती ओळ वाचली तेव्हापासून आम्हाला आमची १ जूनची पाने आठवतात. त्यांतल्या एखाद्या पोरावर असा प्रसंग आला असता, तर आमची ओळ खरी निघाली असती का? आम्हाला छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगणे एवढेच. घरात मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, हेलपाटे होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना हाच जन्मदाखला लागणार आहे. दाखला हाती आला की घरी नेऊन ठेवू नका. तिथेच उभे राहून वाचा. नाव बरोबर आहे का? तारीख बरोबर आहे का? आता तुम्हाला वाचता येते. चूक असेल तर तिथेच सांगा. आणि वय वाढवून किंवा कमी करून लिहा, असे कोणाला म्हणू नका. खोटी तारीख आज सोयीची वाटते, उद्या तीच गळ्याशी येते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या मुलांचे दाखले पेटीतून काढा आणि त्यांवरच्या तारखा पाटीवर लिहून उद्या वर्गात आणा. आपण त्या एकेक करून वाचू.