गाण्यानं मिळवलेली जागा



कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादची गाणी, म्हटलं की आमच्या पिढीला 1971चा क्रिकेट दौरा आठवतो. वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरात हरवलं, गावसकरनं पहिल्याच मालिकेत 774 धावा केल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं चक्क त्याच्यावर गाणं रचलं. स्वतःचा संघ हरलाय, तरी! गावात जे घडलं ते गाण्यात यायलाच हवं, हा कॅलिप्सोचा धर्म.

हा धर्म बोटीतून लंडनला गेला. जून 1948मध्ये वेस्ट इंडिजमधल्या माणसांना घेऊन ‘एम्पायर विंडरश’ टिलबरी बंदराला लागली, तेव्हा लॉर्ड किचनर या कॅलिप्सो गायकानं वार्तापटाच्या कॅमेऱ्यासमोर लंडनची तारीफ गायली. पुढे त्याच्याच गाण्यांत जाच करणारी घरमालकीण आली. भाड्याच्या खोल्यांवर काळ्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या होत्या, कित्येक क्लबांत प्रवेश नव्हता, आणि वर्णावरून घर नाकारणं बेकायदा ठरायला 1968 उजाडावं लागलं.

निषेधाचं संगीत म्हटलं की आपण लगेच शब्द तपासतो; कवितेची सवय, दुसरं काय! माझ्या मते इथला खरा प्रतिकार शब्दांत कमी आणि जमण्यात जास्त होता. जमायला जागाच नाही, तर गाणं कुठे वाजवायचं, हाच मुळी राजकीय प्रश्न होता.

त्याचं उत्तर तळघरात सापडलं. शनिवारी रात्री खोलीतलं सामान हलवायचं, कपाटाएवढाले स्पीकर आत आणायचे आणि जमैकाहून आलेल्या रेकॉर्डी लावायच्या. खोकी बहुधा घरीच ठोकलेली, कारण बाजारातल्या यंत्राला तसला खर्ज झेपत नसे. दाराशी थोडे पैसे घ्यायचे, आत रम आणि बोकडाच्या मटणाची करी विकायची. भाडंही त्यातूनच निघे. ड्यूक व्हिनसारख्यांनी पन्नाशीच्या दशकातच लंडनमध्ये ही ‘साउंड सिस्टिम’ उभी केली. शेजाऱ्यांच्या तक्रारी येत, पोलीस येत. आवाज मोठा असे हे खरंच; पण भाड्यानं सभागृह मिळालं असतं, तर तळघरात कोण कशाला घामाघूम झालं असतं?

1958च्या उन्हाळ्याअखेर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळ्यांनी वेस्ट इंडियन वस्तीवर हल्ले केले. त्यावर क्लॉडिया जोन्स या बाईंनी काय केलं? त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेत तुरुंग भोगून हद्दपार झालेल्या, लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ चालवणाऱ्या या संपादिकेनं चक्क कार्निव्हल भरवला. 30 जानेवारी 1959, सेंट पँक्रस टाउन हॉल. बाहेर कडाक्याची थंडी, आत कॅलिप्सो आणि नाच. आणि बीबीसीचे कॅमेरे. तिथल्या स्मरणिकेच्या विक्रीतला काही भाग दंगलीत सापडलेल्या तरुणांचे दंड भरायला जाणार होता, आणि त्या तरुणांत काळ्यांबरोबर गोरेही होते. चारच महिन्यांत नॉटिंग हिलमध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाच्या सुताराचा भररस्त्यात खून झाला. अंत्ययात्रेला हजाराहून जास्त माणसं आली.

सभागृहातला हा उत्सव रस्त्यावर येण्याचं श्रेय मात्र दुसऱ्या कार्यक्रमाला. 1966मध्ये रोन लॅस्लेट या समाजसेविकेनं नॉटिंग हिलमध्ये मुलांसाठी जत्रा भरवली, त्यात रसेल हेंडरसनचा स्टीलपॅनचा ताफा होता. स्टीलपॅन म्हणजे तेलाच्या पिंपाचा तळ हातोड्यानं ठोकून खोलगट करायचा, त्यावर एकेका स्वराची जागा उठवायची, तापवायचा आणि सुरात आणायचा. वसाहती सरकारनं 1880च्या दशकात त्रिनिदादमध्ये ढोलांवर बंधनं घातली; लोकांनी बांबू आपटले, पुढे डबे आणि पिंपं वाजवली. हेंडरसनच्या वादकांनी ही वाद्यं गळ्यात अडकवली आणि ते वाजवत रस्त्यानं निघाले. माणसं मागून चालू लागली.

त्या मिरवणुकीतूनच नॉटिंग हिल कार्निव्हल वाढला. 1976च्या कार्निव्हलमध्ये पोलिसांशी मोठी चकमक उडाली. तेव्हापासून हा पसारा एखाद्या मोकळ्या मैदानात, हाइड पार्कात वगैरे हलवावा, अशी सूचना अधूनमधून होते. सुरक्षेच्या दृष्टीनं ती अगदीच वेडगळ नाही, गर्दी अफाट असते. पण हाइड पार्कात या लोकांना कुणी खोली नाकारली नव्हती. ती नाकारली होती नॉटिंग हिलच्याच गल्ल्यांत, आणि मिरवणूक आजही तिथूनच निघते.