रादोमहून वळिवड्यापर्यंत

१९३९ सालचा वसंत. पोलंडमधल्या रादोम या शहरात नेखुमा कुर्त्स नावाची बाई पेसाह या ज्यूंच्या सणाची तयारी करते आहे. ठेवणीतली भांडी काढून झाली आहेत. मुली, मुलगे, सुना, जावई जेवायला येणार आहेत. एक मुलगा तेवढा फ्रान्समध्ये आहे, त्याला यायला जमत नाही, आणि तिचं निम्मं लक्ष त्याच्यापाशी आहे. गणपतीला मुंबईचा मुलगा येऊ शकला नाही की आपल्याकडच्या आईचं होतं, तसंच तिचं झालंय. त्यानंतर पाचेक महिन्यांतच हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसतात आणि हे घर देशोदेशी उधळलं जातं.

जॉर्जिया हंटर यांच्या ‘वी वेअर द लकी वन्स’ या कादंबरीतलं हे घर. कादंबरी २०१७ साली आली. कुर्त्स कुटुंब खरं आहे, माणसांची नावंही बरीचशी खरी आहेत. फ्रान्समध्ये अडकलेला तो मुलगा, अ‍ॅडी, म्हणजे लेखिकेचे आजोबा. ते गेल्यानंतर, शाळेत असताना तिला पहिल्यांदा कळलं, की आपले आजोबा पोलंडचे ज्यू होते. मग पुढे कितीतरी वर्षं ती देशोदेशीच्या म्हाताऱ्या नातेवाइकांकडे जाऊन बसली, त्यांना बोलतं केलं, जुने कागद शोधले आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं.

मी रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात राहते. आमच्याकडे पाऊस लागला की कातळावर चार महिने दुसरं काही सुचत नाही. दिवे जातात, रस्ता ओस पडतो, आणि जाडजूड कादंबरी हातात घ्यायला याहून चांगला काळ नाही. ज्यूंच्या या संहारावरच्या कादंबऱ्या मी अशाच वाचत आले. आणि वाचता वाचता एक गोष्ट मनाला फार लागली, ती आज सांगायची आहे.

आपल्याला हिटलर पुष्कळ माहीत आहे. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ मराठी घराघरांत वाचलं गेलं, आणि ते वाचायलाच हवं असं पुस्तक आहे. पण हिटलरचं स्वतःचं आत्मचरित्रही आपल्याकडे पुस्तकांच्या स्टॉलवर सहज मिळतं आणि खपतं. शिस्तीचा, जिद्दीचा नेता म्हणून त्याच्याबद्दल कौतुकानं बोलणारी चांगली शिकलेली मुलं मला भेटली आहेत. त्या मुलांशी मी वाद घालून पाहिला. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा सांगितला. आकडा इतका मोठा आहे, की ऐकणाऱ्याच्या मनात त्याचं माणूस होत नाही. म्हणून आता मी त्यांना घर दाखवते. नेखुमाचं घर.

या घरातला थोरला गेनेक आणि त्याची बायको हेर्ता यांना रशियनांनी सैबेरियात सक्तमजुरीला धाडलं. तिथे त्यांना मुलगा झाला. थंडी अशी, की रात्रीतून त्या तान्ह्याच्या पापण्या गोठून एकमेकींना चिकटायच्या. रोज सकाळी हेर्ता त्याच्या डोळ्यांवर आपल्या दुधाचे कोमट थेंब सोडायची आणि हलक्या हातानं पापण्या मोकळ्या करायची. इकडे रादोमला मीला नावाच्या मुलीनं आपल्या लहानग्या लेकीला कारखान्यात कापडाच्या तुकड्यांत लपवून ठेवलं. पुढे त्याच पोरीचे केस सोनेरी रंगवून, तिला ख्रिस्ती नाव देऊन जोगिणींच्या मठात ठेवावं लागलं. चार-पाच वर्षांच्या मुलीनं आपलं नाव विसरायला शिकायचं आणि चुकूनही ते तोंडातून जाऊ द्यायचं नाही!

कुर्त्सांचे आईबाप आणि पाचही भावंडं अखेर जिवंत राहिली. म्हणूनच पुस्तकाच्या नावात नशिबाचा उल्लेख आहे. पण लेखिका प्रामाणिक आहे. रादोममध्ये सुमारे ३० हजार ज्यू होते, त्यांतले तीनशेही उरले नाहीत, हे ती शेवटी सांगते. सुटकेची कादंबरी वाचताना आपण त्या एका कुटुंबाबरोबर धावत असतो, कोण निसटलं, कोण भेटलं याकडेच डोळे लागलेले असतात. शेजारच्या दारांतून कुणीच बाहेर आलं नाही, हे पुस्तक मिटल्यावर लक्षात येतं. या प्रकारच्या कादंबऱ्यांची ही मर्यादा मला कायम जाणवते, आणि तरीही त्या वाचाव्यात असंच मी म्हणेन.

आता गेनेकच्या वाटेनं थोडं पुढे जाऊ, कारण ती वाट आपल्या अंगणापर्यंत येते. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा स्टालिननं पोलिश कैद्यांना सोडलं. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांची फौज उभी राहिली. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्याबरोबरची हजारो बायकामुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष पुढे लढायला गेले. गेनेकही त्यांतच होता, तो इटलीपर्यंत पोचला. आणि बायकामुलं? त्यांतली बरीच हिंदुस्थानात आली. काही मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला. सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. सुरुवातीला खर्च लंडनमध्ये परागंदा असलेल्या पोलिश सरकारचा, जागा कोल्हापूर संस्थानाची. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाची सोय असं पोलिश गावच तिथे पंचगंगेच्या खोऱ्यात वसलं होतं.

इथे एक फरक नीट सांगितला पाहिजे. वळिवड्याचे पोलिश लोक बहुतेक कॅथलिक होते, ज्यू थोडे. त्यांना देशोधडीला लावलं ते स्टालिननं. ज्यूंना मारलं ते केवळ ज्यू म्हणून जन्मले यासाठी. दोन्ही दुःखं एका मापानं मोजता येणार नाहीत. पण सैबेरियातून इराणात येणारी वाट दोघांची एकच होती. आणि त्या वाटेच्या टोकाला वळिवडं होतं, हे कळल्यापासून कादंबरीतली हेर्ता मला परकी वाटत नाही.

पोलिश लोक गेले आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच जागेत आले. आज आपण तिला गांधीनगर म्हणतो. रत्नागिरीतली कितीतरी घरं लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. ज्या मोहल्ल्यांत आपण शालू आणि शर्टपीस निवडतो, तिथे पोलंडच्या मुली शाळेत जात होत्या.

सगळ्यांना असा आसरा मिळाला असंही नाही. अनिता देसाई यांची ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ ही १९८८ ची इंग्रजी कादंबरी आहे. देसाईंच्या आई जर्मन होत्या, त्यामुळे त्या भाषेचा ओलावा या पुस्तकात आहे. बर्लिनचा ह्यूगो बाउमगार्टनर ज्यू म्हणून जर्मनीतून जीव घेऊन पळतो, हिंदुस्थानात पोचतो, आणि युद्ध सुरू होताच इंग्रज सरकार त्याला जर्मन म्हणून, शत्रू म्हणून छावणीत डांबतं. त्याच छावणीत हिटलरचे भक्तही असतात! हे कल्पनेतलं नाही. त्या काळी अहमदनगर, देवळाली, पुरंदर, सातारा इथे अशा छावण्या होत्या. काही ज्यूंची चौकशी होऊन सुटका झाली, ह्यूगोची मात्र वर्षं गेली.

त्या कादंबरीत त्याच्या आईची कार्डं आहेत. आई बर्लिनलाच राहिलेली. तिची येणारी कार्डं छोटी छोटी, त्यांवर आकड्याचा शिक्का. मजकूर काय, तर मी बरी आहे, काळजी करू नकोस, इतकाच. पुन्हा तेच. मग एकदा कार्ड येत नाही, आणि त्यानंतर कधीच येत नाही. देसाईंनी छळछावणीचं एकही वर्णन केलेलं नाही. ती कार्डं वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवलं आणि त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही.

आणखी एका माणसाचं नाव इथे, रेडिओवरून, घेतलंच पाहिजे. वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. ज्यू असल्यामुळे तिथे भवितव्य उरलं नाही, म्हणून १९३४ मध्ये ते मुंबईला आले. पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम त्यांनी १९४६ पर्यंत पाहिलं. सकाळी सभा सुरू होताना तंबोऱ्याच्या सुरांवर आकाशवाणीची जी ओळखधून आपण लहानपणापासून ऐकतो, ती त्यांचीच मानली जाते. त्यांची पत्नी गेर्ती ही लेखक काफ्काची भाची, त्याच्या बहिणीची, एल्लीची मुलगी. काफ्काला तीन बहिणी होत्या. एल्लीला १९४१ मध्ये पोलंडमधल्या घेट्टोत पाठवलं. तिघींपैकी एकही परत आली नाही.

आणि आपलं कोकण? नौका फुटून सात पुरुष आणि सात बायका अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्रायल या इथल्या ज्यू समाजाची परंपरागत कथा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांची आडनावं त्यांनी घेतली. युरोपात जीव वाचवायला ज्यूंना खोटी नावं घ्यावी लागली. आपल्या किनाऱ्यावर त्यांनी आमच्या गावांची नावं लावली आणि ज्यू म्हणून उघडपणे, शतकानुशतकं राहिले. सण पाळले, मराठीत कीर्तनं केली. डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्या वेळी जर्मनीत ज्यूंचं नागरिकत्व काढून घेऊन दोन वर्षं झाली होती. कोकणी माणसानं याचा अभिमान जरूर बाळगावा. इतिहास शिकवताना रायगड-रत्नागिरीच्या शाळांत हे सांगितलंही जावं, असं मला तळमळीनं वाटतं.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. तिथे किंवा आपापल्या गावच्या वाचनालयात या पुस्तकांची मागणी नोंदवा. इंग्रजी जड वाटत असेल, तर अॅन फ्रँकची डायरी मराठीत आहे, तिच्यापासून सुरुवात करा. पुढच्या वेळी गांधीनगरला बस्त्यासाठी जाल, तेव्हा कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे, तिथे मुलांना घेऊन जा. वॉर्सा शहरातही २०१७ पासून कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. आणि तुमच्या नात्यात त्या काळी कोल्हापूर, वळिवडे भागात लहानाचं मोठं झालेलं कुणी असेल, तर ते आता नव्वदीच्या आसपास असतील. त्या पोलिश मुलांबद्दल त्यांना काय आठवतं, ते लवकर विचारा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. जॉर्जिया हंटरला आजोबांना विचारायचं राहून गेलं होतं.