गुंड मोडीत देण्याआधी

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरचा पितळी गुंड खाली येतो आणि थेट मोडीत जातो. त्या पैशांत आपण प्लास्टिकची फुलदाणी आणतो. तीही पितळेसाठी नावाजलेल्या आपल्या भंडाऱ्यात!

मी आईचा गुंड असाच दिला. काठावर तिचं नाव कोरलेलं होतं. मोडवाल्यानं फक्त वजन केलं.

तुमचा असेल तर चिंच-मिठानं घासा, लगेच धुऊन कोरडा पुसा, नाहीतर डाग उमटतात. पोचा असला तर ती बाजू भिंतीकडे करा. झेंडू, आंब्याची डहाळी, काहीही शोभतं. पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी बदला आणि आतूनही घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात.