वटवाघूळ कुठल्या गोलात?



कर्जत-खालापूरच्या वाडीवरचं कातकरी लेकरू खेकड्याचं बीळ ओळखतं, घोरपडीचा माग काढतं. तेच लेकरू शाळेत ‘वर्गीकरण’ हा शब्द ऐकून गप्प होतं. मग ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसतो आणि पुढं शाळा कायमची सुटते.

म्हणून सुरुवात सिंह-जिराफापासून नको. उत्पत्तीच्या २ऱ्या अध्यायात देव प्राणी आदामापुढं आणतो आणि नावं त्यालाच ठेवू देतो. आपणही मुलांना त्यांच्या बोलीत नावं सांगू द्यावीत. प्रत्येक नावाचं चित्र काढावं आणि जमिनीवर खडूनं गोल आखावेत. आधी पाय मोजायचे: कोंबडीला २, बेडकाला ४, मुंगीला ६, कोळ्याला ८, खेकड्याला नांग्या धरून १०. सापाला एकही नाही. मग विचारायचं, अंडी कोण घालतं? पिलांना दूध कोण पाजतं? तीच चित्रं नव्या गोलात जातात.

वटवाघळापाशी भांडण होतं, होऊ द्या. लेवीय ११ मध्ये ते पक्ष्यांच्या यादीत आहे, कारण ते उडतं. विज्ञान त्याला सस्तन प्राण्यांत ठेवतं, कारण ते पिलाला दूध पाजतं. खूण बदलली की गट बदलतो, एवढं मुलांना उमगलं की धडा झाला.

दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातील. त्याआधी हा खेळ प्रत्येक बालवाडीत व्हावा आणि चित्रं मुलांबरोबर भट्टीवर जावीत. त्यासाठी जाड पुठ्ठा आणि खडू हवे आहेत. आपल्या मंडळीतून तेवढे अवश्य पाठवा.