घराचा तंटा, सलोख्याची वाट

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात श्रमदानातून तलाव खोदून घेतला, ही सोलापूरची परंपरा. बांधकामाचा खरा पाया परस्परविश्वास होय. तो ढासळला की घरभाडे आणि कर्जाचा हप्ता या दुहेरी ओझ्याखाली मध्यमवर्गीय कुटुंब पिचते. न्यायालयातल्या तारखा मात्र संपत नाहीत.

यावर २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने सामोपचाराचा मार्ग दाखविला. त्यानुसार २०१८ पासून महारेराच्या सलोखा मंचात ग्राहकांचा एक व विकासकांचा एक प्रतिनिधी एकत्र बसतात. उभयपक्षांची संमती आवश्यक. तोडगा निघाल्यास तो लेखी होतो, न निघाल्यास तक्रारीचा हक्क अबाधित राहतो. सलोखा म्हणजे शरणागती नव्हे. शेजारचे अडलेले कुटुंब या मंचापर्यंत पोहोचविणे, हेही समाजकार्यच आहे.