गंजलेला पट्टा

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ‘माटिल्डा’, ‘व्हॅलेंटाइन’ पाहताना आम्हा कामगारांची नजर आधी पट्ट्यांवर जाते. जुना पट्टा पुन्हा फिरवायचा तर गंजाने धरलेल्या पिना काढाव्या लागतात. घाईचे साहेब म्हणतात, गॅसने तापवा! पण ब्रिटिशांचे पुष्कळ पट्टे हॅडफील्डने १८८२ साली शोधलेल्या मँगनीज पोलादाचे. हे पोलाद घाव खाऊन कठीण होते, फार तापवले तर ठिसूळ. म्हणून आमचे सांगणे, पट्टा डिझेलात चार दिवस भिजू द्या, मग घण उचला. आणि घण मारणाऱ्याला आधी चष्मा द्या. पोलादाची कपची उडते ती थेट डोळ्यात. बुलडोझरच्या पट्ट्याची पिन काढताना आमच्या एका सोबत्याचा डोळा असाच गेला. भरपाईला तीन वर्षे लागली.